जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकू का? आधी डिस्क बघा

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०१६ चा लॅपटॉप, आय३-५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर त्या सांगलीच्या मार्केट यार्डातल्या दोन-तीन अडत दुकानांचे हिशेब टॅलीत लिहितात, जीएसटीची रिटर्न्स भरतात आणि संध्याकाळी मुलगी त्यावरच कॉलेजचं काम करते. सुरू व्हायला चहा करून पिऊन होईल एवढा वेळ घेतो. त्यात आता 'सपोर्ट संपला' असा निरोप स्क्रीनवर यायला लागलाय. गल्लीतला एक मुलगा म्हणतोय, "विंडोज ११ मारून देतो ताई, पळायला लागेल." मारू द्यावं का, की सरळ नवा घ्यावा?

ताई, ११ मारू देऊ नका आणि नव्याचीही घाई करू नका. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. लॅपटॉप हळू चालतो हे एक, आणि विंडोज १० चा सपोर्ट संपला हे दुसरं. त्या मुलाने दुसऱ्याचं औषध पहिल्याला सांगितलंय.

आधी हळूपणाचं बघू. लॅपटॉप सुरू केल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा आणि परफॉर्मन्समध्ये जा. माझा अंदाज असा, की सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आरामात बसलेला असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असेल, पाच-सात मिनिटं तरी. म्हणजे प्रोसेसर काम करायला तयार आहे, पण त्याला डिस्ककडून माल मिळत नाही. त्या काळच्या लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरणाऱ्या. मोठी फाइल एका दमात वाचायची तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, ते काही वाईट नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून वाचतं, आणि असे तुकडे फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास देऊ शकते. एसएसडीत फिरतं काहीच नसतं, सगळं चिपवर साठतं. त्यातली साधी साटा (या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडीही हेच काम हजारोंच्या हिशेबात करते. त्यामुळे एसएसडी बसवली की हाच आय३ आणि हेच विंडोज १० निमूटपणे अर्ध्या मिनिटात उभं राहतं. उलट याच हार्ड डिस्कवर ११ टाकलं तर चहाबरोबर पोह्यांनाही वेळ मिळेल.

एसएसडी घेताना '२.५ इंची, साटा' असं स्पष्ट सांगून घ्या. दुकानात हल्ली एम डॉट टू आणि एनव्हीएमई जास्त दिसतात, तुमच्या मशीनमध्ये त्यांना बहुधा जागाच नसेल. ४८० किंवा ५०० जीबी पुरे. नाव माहीत नसलेल्या कंपनीची, वॉरंटीचा कागद नसलेली स्वस्त एसएसडी घेऊ नका. एसएसडी मरते तेव्हा हार्ड डिस्कसारखी कुरकुर करून सांगत नाही, सकाळी उठून बघावं तर गेलेली असते.

रॅमचंही बघून घ्या. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर क्लिक केलं की खाली 'स्लॉट्स युज्ड' दिसतं. '१ ऑफ २' असेल तर एक स्लॉट रिकामा आहे, आणखी ४ जीबी टाकून ८ करा. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर३एल रॅम लागते, १.३५ व्होल्टची. शेवटचा 'एल' महत्त्वाचा. साधी डीडीआर३ दीड व्होल्टची असते, दिसायला तशीच, खाचही तिथेच. बसते पण मशीन उठत नाही, आणि मग मदरबोर्ड गेला असं कुणीतरी सांगून मोकळं होतं. क्रोमच्या दहा टॅब आणि टॅली एकत्र उघडायची असेल तर ४ जीबी कुठल्याच विंडोजवर पुरत नाही.

आणि एकदा पंखा साफ करून घ्या. यार्डातल्या दुकानातून जे लॅपटॉप माझ्याकडे येतात त्यांचं मागचं झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या जाळीत पिवळा थर असतो. हळदीची धूळ बारीक, त्यात पावसाळ्याची दमट हवा, त्याची अक्षरशः खपली धरते. वारा बाहेर जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हात तर बघायलाच नको. तुम्ही घरी काम करत असलात तरी लॅपटॉप दुकानात नेऊन बसत असाल तर हे लागू आहे. जाळी साफ आणि नवी थर्मल पेस्ट, तासाभराचं काम.

आता सपोर्टचं. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित सपोर्ट संपला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडणार असा नाही. नवीन भोकं सापडतील ती बुजवली जाणार नाहीत, एवढाच अर्थ. पण हे 'एवढाच' हिशेबाच्या मशीनला महागात पडू शकतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांच्या फाइलींना कुलूप लागलं. तुमच्या टॅलीच्या फोल्डरला असं कुलूप लागलं तर तीन दुकानांचं वर्ष अडकतं.

यावर सध्याचा सरळ उपाय म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना, तिला ईएसयू म्हणतात. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथं गेलं की 'एनरोल नाउ' असा दुवा दिसतो. दिसत नसेल तर तुमचं विंडोज १० जुन्या आवृत्तीचं असेल. आधी २२एच२ पर्यंत आणा, स्टार्टमध्ये विनव्हर (winver) असं टाइप करून आवृत्ती बघता येते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ही योजना फुकट आहे. नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम. एक गोष्ट सांभाळा. बॅकअप चालू करताना तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सही वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, चढवायला बघतो, आणि फुकटची जागा ५ जीबीच. दोन दिवसांत 'जागा संपली'चे निरोप सुरू होतात आणि माणूस घाबरतो. फोल्डरांचे स्विच बंद ठेवा, सेटिंग्जचा तेवढा चालू ठेवा.

मग विंडोज ११ का नको? अधिकृत अटी अशा: यूईएफआय (लॅपटॉप सुरू करणारा नव्या पद्धतीचा प्रोग्रॅम) आणि त्यातलं सिक्युअर बूट, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. ती यादी इंटेलमध्ये, दोन-चार अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. तुमचा पाचव्या पिढीचा. त्या मुलाकडे अटी वगळून ११ बसवायचा पेनड्राइव्ह असणार. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने तो बनतो, त्यात काही जादू नाही. आणि ते बसतं, चालतंही. तेव्हा तो खोटं बोलत नाहीये.

पण पुढचं तो सांगत नाही. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टने लिहूनच ठेवलंय. दर महिन्याची अपडेट्स सध्या येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, पुन्हा तोच पेनड्राइव्ह लावून चढवावी लागते. होमच्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षांचा सपोर्ट, म्हणजे दोन वर्षांच्या आत हाच खेळ परत. २४एच२ आलं तेव्हा प्रोसेसरच्या एका सूचनेची अट इतकी पक्की झाली की कोअर टू ड्युओच्या जमान्यातली मशीन्स पेनड्राइव्ह लावूनही उठेनात. तुमचा आय३ त्या चाळणीतून सुटतो, पुढच्या चाळणीचं कोण सांगणार? माझा भाचा असं मशीन वापरतो, त्याला मी अडवत नाही, त्याचा सिनेमा अडेल फार तर. तुमच्या लॅपटॉपवर लोकांचे पैसे आहेत. तिथं जुगाड नको, या मताला मी घट्ट आहे.

याहून वाईट एक प्रकार चालतो, तो लक्षात ठेवा. आपल्याकडे विकलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते आणि तिची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये) कोरलेली असते. तीच आवृत्ती परत टाकली तर नेटला जोडल्यावर ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' म्हणून पुढं जायचं. पण घाईतला माणूस सवयीने 'प्रो' टाकतो. प्रोचं लायसन्स तुमच्याकडे नाही, म्हणून मग अँटिव्हायरस बंद करून कसलासा अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो. म्हणजे तुमच्या हक्काचं लायसन्स बाजूला पडलं आणि चोराच्या हातची किल्ली घरात आली. आत्ताच सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट उघडून एडिशनपुढं काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा, आणि काम झाल्यावर तेच आहे का ते दुकानातच बघा.

डिस्क बदलताना विंडोज नव्याने टाकायचं की आहे तसं क्लोन करायचं, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवायची? तुमच्या बाबतीत क्लोन. टॅली, सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटी पोर्टलवर सही करायचा ईएमसायनर, प्रिंटर, जुने मराठी फॉन्ट, हे सगळं जिथल्या तिथं राहतं. १ टीबीवरून ५०० जीबीवर जाताना भरलेली जागा त्यात मावली पाहिजे, तेव्हा आधी लग्नाचे व्हिडिओ वगैरे बाहेर काढा. एसएसडी कंपन्या स्वतःचं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर देतात, ते अशा लहान डिस्कवर जाण्याला सोपं पडतं. क्लोनझिला हे क्लोनिंगचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण लहान डिस्क दिली की आधी पार्टिशन आखडून घ्यायला लावतं.

मात्र क्लोनच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं फुकट सॉफ्टवेअर चालवा. निळा 'गुड' असेल तर पुढं चला. पिवळा 'कॉशन' असेल, विशेषतः 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीसमोर शून्याखेरीज काही असेल, तर क्लोन नको, स्कॅनडिस्क नको, काही नको. त्या डिस्कमध्ये जेवढा दम उरलाय तो महत्त्वाच्या फाइली काढण्यात खर्च करा, टॅली आधी, फोटो नंतर. मग एसएसडीवर विंडोज नव्याने.

निळा असला तरी बॅकअप घ्यायचाच. टॅलीचा आतून बॅकअप घ्या आणि शिवाय डेटाचं सगळं फोल्डर तसंच्या तसं एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डाउनलोड्समध्ये पडलेल्या जीएसटीच्या जेसॉन फाइली, डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर ३' मधल्या एक्सेल, ब्राउझरमधले पासवर्ड, फॉन्ट फोल्डरातले जुने बिगर-युनिकोड मराठी फॉन्ट. हे फॉन्ट लोक हमखास विसरतात आणि मग दहा वर्षांची पत्रं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. बॅकअपची डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात ठेवू नका. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे लॅपटॉप आणि त्याचीच बॅकअप डिस्क एका पिशवीतून आलेली आहेत, दोन्हींतून गाळ निघत होता. वरच्या मजल्यावर ठेवा, नाहीतर बहिणीकडे.

टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. डिस्क बदलण्याआधी टॅलीतूनच ते सरेंडर करा आणि नव्या डिस्कवर परत अ‍ॅक्टिव्हेट करा. डिजिटल सहीची काळजी नको, तिची किल्ली यूएसबी टोकनच्या आत असते, लॅपटॉपमध्ये नाही. लागलाच तर फक्त ड्रायव्हर परत टाकावा लागतो. टोकन नीट ओळखलं जात नाही म्हणून अंदाजाने पिन मारत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं आणि मग सही देणाऱ्याच्या पाया पडावं लागतं.

काम कधी काढायचं तेही ठरवून काढा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या तारखा ११ आणि २०. तेव्हा २१ नंतरचा एखादा निवांत दिवस धरा, आणि मार्चअखेर तर चुकूनही नको. दहा वर्षांची बॅटरी बहुधा नावापुरती उरली असेल, तिच्या भरवशावर क्लोन किंवा मोठं अपडेट लावू नका. मध्येच लाईट गेली तर अर्धवट सिस्टीम हातात येते. इन्व्हर्टरवर जोडा. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगली आहे, ती आधी काढून टाका, बाकी सगळं नंतर.

क्लोन झाल्यावर जुनी हार्ड डिस्क पुसू नका. तारीख लिहून महिनाभर तशीच ठेवा. सगळं सुरळीत आहे अशी खात्री पटली की ती डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (त्या मापाच्या चौकटीत) बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या मिळतात, ड्राइव्ह काढून मोजून मगच घ्या.

विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीसाठी सांगतो. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती या लॅपटॉपवर, एसएसडी असेल तर, छान चालेल आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ, ऑनलाइन लेक्चर, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग, सगळं होतं. न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, त्याने आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. पण टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे, ती तिथं वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालवण्याचे प्रयोग हिशेबाच्या माणसाने करू नयेत. आणि आपल्याकडे दर दुसऱ्या टेबलावर असलेला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सला जोडणं म्हणजे एक रविवार गेला म्हणायचा. म्हणून तुमचं काम आहे तोवर या मशीनवर विंडोजच राहू दे. एकाच डिस्कवर दोन्ही टाकण्याचाही आग्रह नको, एका मोठ्या अपडेटनंतर बूट मेनू गायब झाला की फोन मलाच येतो.

ऑक्टोबर २०२६ नंतर काय, हे आत्ताच ठरवा. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी लोक रेटत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमने ७ आणि ८.१ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं, आणि मग मात्र धावपळ झाली. तुम्ही तितकं ताणू नका. हिशेबासाठी दुसरं मशीन घ्या, नवं किंवा कंपन्यांनी वापरून काढलेलं. वापरलेलं घेताना प्रोसेसरचं नाव वाचा: आय५-८२५०यू मध्ये डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. तिथं ६ किंवा ७ असेल आणि विक्रेता '११ टाकूनच देतोय' म्हणत असेल, तर वर सांगितलेलाच पेनड्राइव्ह त्यानेही वापरलाय. घ्यायच्या आधी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक त्या मशीनवर चालवून दाखवायला सांगा. आठव्या पिढीचं असूनही 'चालणार नाही' आलं तर टीपीएम बहुधा बायोसमध्ये बंद असतं, इंटेलवर पीटीटी नावाने सापडतं, तेवढं चालू करायचं. बायोस लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, मोडवर असेल तर डिस्क आधी जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते, विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी या कमांडने, अर्थात बॅकअप घेऊनच. आणि नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात, त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून टॅलीच्या लायसन्सबरोबर ठेवा.

तेव्हा हाच जुना लॅपटॉप, एसएसडी आणि ८ जीबीसकट, मिंट टाकून मुलीला द्या. म्हणून आज घेतलेल्या एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत.

आता तुम्ही एवढं करा: क्रिस्टलडिस्कइन्फोमधला रंग, 'स्लॉट्स युज्ड'चा आकडा आणि अबाउटमधली एडिशन, या तिन्हींचे फोटो पाठवा. पिवळा रंग असेल तर फोटो पाठवायच्याही आधी टॅलीचं फोल्डर बाहेर काढा.